शिडी चढून या

निवृत्त झाल्यावर आमच्या कोकणातली माणसं कुवेत सोडून गावी जातात. अंगणात खुर्ची टाकतात, येणाऱ्याजाणाऱ्याला गल्फच्या गप्पा सांगतात आणि शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडतात. मी निवृत्त होऊनही इथंच आहे आणि माझ्या नावावर एक जहाज आहे. मालकीचं नाही, राखणीचं. अबू हलीफातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून ते दिसतं, हवेत धूळ नसली तर. ते विकलं जाईपर्यंत मला हा देश सोडता येत नाही. हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलेलं नाही, फसून तर मुळीच नाही. ज्यांना माझी कीव येते त्यांनी ती आपल्यापाशीच ठेवावी.

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "बाई, समुद्राच्या कायद्यातले गमतीदार अनुभव लिहा." गमतीदार आहेतच, पण ते सगळे एका उंच डच माणसाच्या मागे मागे चालत येतात, म्हणून आधी त्याची ओळख करून देते.

मी रत्नागिरीत कायद्याची पदवी घेतली, लग्न होऊन कुवेतला आले, दस्मानमधल्या एका वकिली कचेरीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. परदेशी माणसाला इथल्या कोर्टात उभं राहून बाजू मांडता येत नाही. तो हक्क इथल्या वकिलांचा, आणि वकीलबाईंना इथं मानानं उस्ताज़ा म्हणतात. आमच्याकडे कोर्टात बोलायच्या त्या उस्ताज़ा मनाल, आणि त्यांच्यासाठी मागे बसून मुद्दे काढायचे डॉक्टर रुलोफ आणि मी. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, समुद्राच्या कायद्याचे. हॉलंडात प्राध्यापक होते. जहाज जप्त कसं करावं यावर त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, आणि ते वाचून पास झालेले वकील जगभर एकमेकांची जहाजं जप्त करत होते. प्राध्यापकी कंटाळवाणी वाटू लागली तेव्हा ते सल्लागार म्हणून इथं आले. दारातून आत येताना मान वाकवायचे आणि ती सरळ करायला विसरायचे.

आता जहाज जप्त करतात म्हणजे काय, ते सांगते. जहाजाचा मालक एका देशात असतो, त्याची कंपनी दुसऱ्याच देशात नोंदलेली असते, झेंडा तिसऱ्याचा आणि खलाशी चौथ्याचे. भांडण झालं की मालक सापडत नाही, कंपनीच्या पत्त्यावर नुसतीच पाटी असते. मग धरायचं कुणाला? म्हणून जहाजालाच धरतात. कोर्टाचा माणूस जाऊन हुकूम चिकटवतो, बंदर त्याला सुटायची परवानगी देत नाही, आणि एवढं मोठं धूड जागच्या जागी उभं राहतं. आमचा धंदा म्हणजे ते उभं करायचं, नाहीतर सोडवायचं.

डॉक्टरांची एकच रीत होती आणि तिच्यापायी सगळी कचेरी वैतागायची. जहाजाची शिडी चढून आल्याशिवाय ते त्या जहाजाची फाइल उघडत नसत. "आधी शिडी, मग कागद." हे शब्द मी त्यांना मराठीत शिकवले होते आणि ते सगळ्यांना मराठीतच ऐकवत, उस्ताज़ा मनालना सुद्धा. शिडी म्हणजे दोराची, लाकडी पट्ट्यांची, जहाजाच्या अंगावर लोंबणारी. खाली लाँच वरखाली होत असते आणि नेमक्या क्षणी पाय टाकायचा असतो. मी दर्याकाठची, पण मला पोहता येत नाही. आमच्याकडे मुलींना दर्या फक्त लांबून दाखवायचे. पहिल्यांदा चढले तेव्हा मला येत होत्या तेवढ्या सगळ्या दुआ म्हणून झाल्या, काही दोनदा.

मेंढ्यांच्या जहाजाची गोष्ट आमच्या कचेरीत अजून सांगतात. मेंढ्या भरून जहाज आलं, आणि माल निरोगी की रोगी यावरून दोन पार्ट्या भांडू लागल्या. दोन्हीकडचे वकील एसीत बसून एकमेकांना नोटिसा पाठवत होते, आणि मेंढ्या भर उन्हाळ्यात डेकवर. डॉक्टर नेहमीप्रमाणे वर चढून आले आणि कपडे न बदलता थेट सुनावणीला जाऊन बसले. बोलता येत नव्हतं, पण वास यायला परवानगी लागत नाही. समोरच्या वकिलांनी रुमाल काढले. उस्ताज़ा मनाल एवढंच म्हणाल्या, की आधी जनावरं खाली उतरवू या, ती कुणाची ते सावलीत बसून ठरवू. न्यायाधीशांनी लगेच मान डोलावली. एरवी तारखेवर तारीख देणारं ते कोर्ट होतं.

गिऱ्हाइकंही एकेक नग. फहाहीलचा एक लाँचमालक यायचा. त्याला मेव्हण्याची बोट जप्त करून हवी होती, आणि तीही गुरुवारी, कारण शुक्रवारी मेव्हणा जेवायला यायचा होता. डॉक्टरांनी विचारलं, "तुमचा दावा काय?" तो म्हणाला, "दावा नाही, पण राग खूप आहे." डॉक्टरांनी त्याला चहा पाजला, त्याच्याबरोबर जाऊन मेव्हण्याची बोट बघितली आणि दोघांचं भांडण जेवणाच्या आत मिटवून आले. मला म्हणाले, माझ्या पुस्तकात हे प्रकरण राहून गेलंय.

आता हमीदमामूंचं सांगते.

हमीदमामू दाभोळकडचे, जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. आमचं काही नातं नाही, पण खाडीच्या अल्याडपल्याडची माणसं, म्हणून मामू. त्यांचा नंबर मला फहाहीलच्या मशिदीत भेटणाऱ्या आमच्या लोकांकडून मिळाला. "बाय, तू वकिलाकडे हायस ना? एक आपला माणूस जहाजावर एकटा हाय," एवढाच निरोप. मी डॉक्टरांना सांगितलं. ते फाइल मागायच्या ऐवजी बूट घालू लागले.

ते जहाज लांबून मोडकळीला आलेलं दिसत होतं. खटला चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. वर गेलो तर डेक झाडलेला, दोर गुंडाळून ठेवलेले, कठड्याला नवा रंग. वीज नव्हती. आत उकाड्यानं भट्टी झालेली, म्हणून मामू वरतीच ताडपत्री बांधून राहत होते. त्यांनी आम्हांला गळाला लागलेला मासा तळून खाऊ घातला आणि काळा चहा दिला. डॉक्टर मांडी घालून बसले, म्हणजे जेवढी घालता आली तेवढी.

झालं होतं असं. जहाज जप्त झालं की कोर्टाला एक जबाबदार माणूस लागतो. इथं त्याला हारिस म्हणतात, म्हणजे राखणदार. जहाज विकलं जाईपर्यंत किंवा दुसरा कुणी जागा घेईपर्यंत त्याला देश सोडता येत नाही. मालकाचा एजंट जहाजावर आला आणि म्हणाला, एकानं थांबा, म्हणजे बाकीच्यांना घरी जाता येईल. कप्तान आजारी म्हणून आधीच गेला होता. अधिकारी मंडळी आपापल्या बुटांकडे बघू लागली. हमीदमामूंनी हात वर केला.

का केला, हे आमच्या किनाऱ्यावरच्या माणसालाच कळेल. पावसाळ्यात आपल्याकडे होड्या वाळूवर ओढतात, वर माडाची झापं घालतात, आणि गावातला एक भरवशाचा माणूस त्यांची राखण करतो. कुणी लिहून देत नाही. सगळ्यांसमोर हो म्हणायचं, बस. दर्या शांत झाला, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, की तो मोकळा. मामूंच्या वडिलांनी हे काम जन्मभर केलं होतं आणि त्यांना गावात मान होता. कोर्टाच्या लोकांनी राखणदार म्हटल्यावर मामूंना तेच वाटलं. हंगामापुरती गोष्ट आहे. इथं पावसाळाच नाही, तर तो संपणार कधी, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

"घरी कोण कोण आहे?" मी विचारलं.

"झुलेखा," ते म्हणाले. त्यांची बायको. साखरेच्या दुखण्यानं तिची नजर जात चालली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, थोडी उरलीय, तीही राहायची नाही. "फोनवर दाखवतो मी तोंड. तिला निस्ता उजेड दिसतो, म्हणते. जवळून दिसेल, म्हणते. माणूस हातभर अंतरावर असला तर दिसेल." ते चहा ओतत राहिले. "दिसतंय तंवर जाऊक हवा, बाय. दुसरा काय मागणं नाय माझा."

कचेरीत परत आल्यावर डॉक्टरांनी फाइल उघडली आणि मला तोड सांगितली. मामूंनी सही केलेला हुकूम अरबीत होता. मामूंना अरबी वाचता येत नाही. त्यांना कुणी समजावून दिलेलं नाही. तेव्हा मामूंनी कोर्टात एवढंच सांगायचं, की आपण कशावर सही करतोय हे मला कळलं नव्हतं. नेमणूकच रद्द. उस्ताज़ा मनाल खूश झाल्या. म्हणाल्या, एका तारखेत मोकळे होतील. मी आनंदानं पुन्हा शिडी चढले, एकटीच, आणि मामूंना सांगितलं.

मामूंनी मान हलवली. "नाय."

"नाही म्हणजे?"

"मी समजून हात वर केला. राखण करीन असा सगळ्यांसमोर बोललो. आता मी अडाणी होतो, मना कायच ठाव नव्हता, असा सांगू? ह्या तोंडानं?"

माझं डोकं फिरलं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. तिकडे बायकोची नजर चाललीय आणि तुम्हांला मोठेपणा सुचतोय, म्हटलं. "अहो मामू, या भंगाराच्या ढिगावर तुमची अब्रू बघायला आहे कोण?"

"झुलेखा बघतेय," ते म्हणाले. "अजून दिसतंय तिला."

शिडी उतरताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम येत असताना शिडी उतरू नये. लाँचवाल्यानं हात धरून खाली घेतलं.

मला वाटलं, डॉक्टर चिडतील. इतकी सोपी वाट सुचवली आणि अशिलानंच ती लाथाडली. त्यांनी माझ्याकडून मामूंचे शब्द दोनदा वदवून घेतले, मग केलेली टिपणं फाडली आणि म्हणाले, "ठीक आहे. तो खोटं बोलणार नाही. म्हणजे आपल्यालाच काहीतरी खरं शोधावं लागेल." खरं एकच होतं. मामूंची जागा दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. कुवेतमध्ये राहणारा, कायदेशीर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, असलेला, आपण होऊन हो म्हणणारा माणूस. मामूंकडे इकामा नव्हता म्हणून त्यांना जहाजावरच राहावं लागत होतं, तो असलेल्याला घरी राहून राखण करता येते. डॉक्टर म्हणाले, मी आहे की. उस्ताज़ा मनालनी कपाळाला हात लावला. वकिलाला आपल्याच प्रकरणात राखणदार होता येत नाही, हे तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, म्हणाल्या.

माझी नोकरी त्याच महिन्यात संपत होती. निरोपाच्या केकची ऑर्डर गेली होती. मी म्हटलं, "मग मी कचेरीची राहत नाही. माझं नाव घाला."

घरी इक्बालला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं तेव्हा तो गावच्या घरासाठी पडदे निवडत होता. मोबाइल बाजूला ठेवला. "वेडी झालीस का? आपण आता जायचंय. सगळं आयुष्य या वाळूत काढलं, ते काय त्या गंजक्या डब्यासाठी?"

"त्या डब्यासाठी नाही."

"तुला पोहता तरी येतं का?"

"जहाजाला येतं."

दोन दिवस तो पडदेच निवडत राहिला. मुलगी टोरांटोहून फोनवर म्हणाली, "मम्मी, धिस इज नॉट युवर प्रॉब्लेम." मी तिला मराठीत सांगितलं, आता आहे. तिसऱ्या दिवशी इक्बालनं विचारलं, त्या झुलेखाबाईंना नेमकं किती दिसतं? मी सांगितलं, हातभर. तो उठून आत गेला आणि माझ्या इकाम्याच्या झेरॉक्स प्रती काढून आणल्या.

पण घोडं कोर्टात अडलं. एजंटाच्या वकिलाला हा बदल नको होता. जहाजावर एकटा अडकलेला गरीब माणूस त्यांना परवडत होता, तो कुणाला प्रश्न विचारत नव्हता. हा वकील तरुण, हुशार, आणि त्यानं हातात एक पुस्तक धरलेलं. बघते तर डॉक्टरांचंच. त्यातलं पान उघडून त्यानं वाचून दाखवलं, की राखणदार हा त्या जहाजावर काम केलेलाच माणूस असला पाहिजे, बाहेरचा चालत नाही, असं या विषयातल्या सर्वांत मोठ्या अभ्यासकाचं मत आहे. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी पुढे वाकून उस्ताज़ा मनालच्या कानात काहीतरी सांगितलं.

उस्ताज़ा मनाल उभ्या राहिल्या. "ते अभ्यासक मागच्या बाकावर बसले आहेत. ते म्हणतात, हे पान त्यांनी लिहिलं तेव्हा त्यांनी एकाही जप्त जहाजाची शिडी चढलेली नव्हती. मत चुकीचं आहे. ते मागे घेत आहेत."

कोर्टात हसू फुटलं. तरुण वकिलानं पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं, जणू आत काही बदललं असेल. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना उभं राहायला लावलं, खालपासून वरपर्यंत बघितलं, त्याला जरा वेळ लागला, आणि विचारलं, हे खरं आहे का. डॉक्टरांनी मोडक्यातोडक्या अरबीत हो म्हटलं. इतकी वर्षं ज्या कोर्टात त्यांना बोलायची मुभा नव्हती, तिथं त्यांनी बोललेला तेवढाच एक शब्द. जगभरातल्या परिषदांत टाळ्या घेतलेल्या माणसानं स्वतःचं लिहिणं असं चारचौघांत पुसून टाकलं. मला त्यांचा जितका अभिमान त्या दिवशी वाटला तितका कधी वाटला नाही, आणि मी ते त्यांना तिथल्या तिथं सांगितलं.

मग न्यायाधीशांनी मला बोलावलं. कशावर सही करताय ते समजलंय का, विचारलं. मी अरबीतच सांगितलं, "समजून करतेय."

कागदावर बदल झाला तरी मामू जहाज सोडेनात. त्यांचं म्हणणं, राखण कागदावर देत नाहीत, हातात देतात. म्हणून आम्ही सगळे लाँचमधून गेलो. इक्बालही आला आणि वाटेत कठड्यावरून सकाळची न्याहारी समुद्राला देऊन मोकळा झाला. मामूंनी मला जहाजभर फिरवलं. कुठं पाणी झिरपतं, कुठल्या दाराची कडी अडकते, कुठल्या दोराला हात लावायचा नाही, सगळं दाखवलं. शेवटी पुढच्या टोकाला नेऊन माझा हात नांगराच्या साखळीवर ठेवला, वर स्वतःचा ठेवला, बिस्मिल्ला म्हणाले आणि आपला हात काढून घेतला.

"आता तुझा," म्हणाले. साखळी उन्हानं तापलेली होती. मी हात काढला नाही.

मामू गेले. दोन दिवस फोन नाही. मग एका दुपारी अनोळखी नंबर, आणि एका बाईचा आवाज. "मी झुलेखा. ह्यांची दाढी सगळी पांढरी झालीय गो. मना कुणी बोललाच नाय." एवढं बोलून ती हसायला लागली. मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून मनसोक्त रडले.

पुढच्या उन्हाळ्यात तिची नजर पूर्ण गेली. मामू आता तिला हाताला धरून खाडीवर फिरवून आणतात.

डॉक्टर हॉलंडला परत गेले. दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो, पहिला प्रश्न ठरलेला, "तरंगतंय का?" पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना त्यांनी ते पान बदललं. पुस्तक मला पाठवलं, ते मी खिडकीत ठेवलंय, जहाज दिसतं तिथंच. इक्बालनं पडदे शेवटी याच फ्लॅटला लावले. मी खिडकीचा तेवढा लावू देत नाही. लोक विचारतात, पश्चात्ताप होतो का? होतो. भावाच्या आजारपणात जाता आलं नाही. त्याच्या मातीलाही नाही. ते दुःख माझं आहे आणि मी त्याचा दोष त्या जहाजावर टाकत नाही. दर महिन्याला लाँच घेऊन जाते, मामूंनी दाखवलेल्या सगळ्या जागा बघते, डेक झाडून घेते. शिडी आता मला न दुआ म्हणता चढता येते. म्हणते तरीही.

एजंटाकडून अधूनमधून फोन येतात. एकदा सुचवलं गेलं, तुम्ही वयस्कर बाई, भावनेच्या भरात सही केलीत असं लिहून द्या, आम्ही आमचा माणूस नेमू, तुम्ही मोकळ्या. मी फोन ठेवला. परवा मात्र एक नवीनच साहेब बोलत होते, आवाज अगदी गोड. कुणीतरी गिऱ्हाईक लागतंय म्हणे, कोर्टाची परवानगी मिळेलसं दिसतंय. मॅडमनी कचेरीत यावं, थंडगार एसी आहे, चहा घ्यावा, एक सही करावी, की ताबा दिल्यासारखं होईल.

मी त्यांना म्हटलं, जहाज कचेरीत नाही, समुद्रात आहे. माझ्या हातात कुणीतरी हातानं दिलंय, मीही हातानंच देणार. कोर्टाचा हुकूम घेऊन जो घेणार असेल त्याला पाठवा. मी वर थांबते, शिडी सोडून ठेवते. चढून या.